तीन अंशांचं खापर

माझा मामा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पत्राकाम करायचा. एकतीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. निवृत्तीला दोन महिने उरलेले असताना भौतिकशास्त्र विभागाच्या सरांनी त्याच्या सेवापुस्तकात शेरा मारला, ‘निकृष्ट काम’. अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

झालं असं. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी मोजायला मामानं तांब्याच्या पत्र्याचा मोठा कर्णा बनवला. त्यात येणारी खरखर तापमानासारखी अंशांत मोजतात; हवेची आणि यंत्राची खरखर वजा केली, तरी तीन अंश उरतच होते. सरांनी खापर फोडलं ते मामानं कर्ण्याच्या पत्र्याला घातलेल्या सांध्यावर. मामानं तो सांधा तीनदा उकलून पुन्हा झाळला, बोटं पोळून घेतली. तीन अंश काही हटले नाहीत.

“सांध्यात खोट असती तर तो तापवल्यावर खरखर वाढली असती,” असं म्हणून मामा मामीचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन कॉलेजच्या गच्चीवर, कर्ण्यापाशी गेला. सांधा हात लावू देईना इतका तापला, पण आकडा ढिम्म. कर्णा चहूकडे फिरवला, तरी तेवढाच. त्यानं ते सगळं वहीत लिहून ठेवलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. वही पाहिली आणि कपाळावर हात मारला.

“मामा, हे तुझं नाही, विश्वाचं आहे. सुरुवातीला सगळं विश्व तापलेल्या धुक्यासारखं होतं. उजेडाला सरळ वाटच मिळेना. पावणेचार लाख वर्षांनी ते निवलं, अणू तयार झाले आणि उजेड सुटला. विश्व पसरत गेलं तसा तोही ताणला जाऊन रेडिओलहरी झाला, थंड होत गेला. आता थंडीच्या तळाच्या, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या, वर जेमतेम तीन अंश. सगळ्या दिशांनी जवळजवळ सारखा, लाखात एखाद्या भागाचा फरक. त्या फरकातूनच पुढे दीर्घिका झाल्या.”

“आणि सरांना हे ठाऊक नाही?”

“ठाऊक नसायला काय झालं? दरवर्षी शिकवतात. हिशेबात धरायचं विसरले.”

मामा वही उचलून तडक सरांच्या खोलीत गेला, मी मागोमाग. सर वही चाळून हसले. हसले!

“अरे हो, ते राहिलंच की! पण शेरा आता वर गेलाय. दोनच महिने राहिलेत तुमचे, कशाला वाढवता?”

“दोनच राहिलेत म्हणून,” मामा म्हणाला.

त्या खोलीत त्याला कधी कुणी बसा म्हटलं नव्हतं. त्यानं खुर्ची ओढली, बसला आणि कोरा कागद सरांपुढे सरकवला.

“चूक कुणाची ते लिहा. मी थांबतो.”