वाटेवरच्या देवाला काही मागू नका

गणपती उठले आणि घरात बॅगा निघाल्या. मुलगा मंदार, सूनबाई आणि सहा वर्षांची नात ओवी महिनाभर आमच्याकडे नगरला सावेडीत होती, आता परत कॅनडा. "शेवटचा दिवस बॅगा भरण्यात कशाला घालवायचा? सगळे भंडारदऱ्याला जाऊ. आम्ही तिथूनच मुंबईला निघू," मंदार म्हणाला. पाठदुखीचं कारण माझ्या ओठांवर आलं होतं. सुमनने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, नुसतं बघितलं. मी ते गिळलं.

नगरहून राहुरी, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. थांबत गेलात तर पाच तास धरा. राजूरनंतर खड्डे आणि धुकं दोन्ही भेटतात, तेव्हा गाडी पळवायची हौस आधीच भागवून घ्यावी. आम्ही हिराबाईंकडे उतरलो. त्यांनी घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात. नाचणीची भाकरी, पिठलं, खुरासणीची चटणी, माणशी दोनशे रुपये, आणि वाढताना हात आखडत नाहीत.

दुसरा दिवस शेवटचा. सकाळी मंदार आणि सूनबाई बॅगा बांधत बसले आणि आम्ही दोघं ओवीला घेऊन धरणाच्या पाण्याकडे निघालो. वाट दाखवायला हिराबाई होत्या. धुकं इतकं, की पाणी दिसत नव्हतं, नुसतं वाजत होतं. ओवी सुमनच्या मांडीवर बसून भाजलेलं कणीस खात होती आणि सुमन तिच्या केसांतून उगाचच हात फिरवत होती. इतकी सुखी मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मध्येच ओवीने धुक्यात हाक मारली, "आजोबा!" पलीकडच्या डोंगराने ती जशीच्या तशी परत पाठवली. आम्ही तिघंही हसलो.

परतताना वळणावर शेंदूर लावलेला दगड होता, पुढ्यात पाल्याचा ढीग. या वाटेने जाणारा प्रत्येक जण तिथे एक हिरवी फांदी टाकतो.

"तुमी बी टाका," हिराबाई म्हणाल्या. "पन काई मागू नका. वाटंवरचा देव हाय, लगीच देतो."

"लगेच देतो तर मग मागायला काय हरकत?" मी विचारलं.

"लगीच देतो, म्हनूनच."

मी देवभोळा नाही. पण जांभळाची फांदी टाकताना मनात आलंच, ओवीचा आवाज तेवढा आमच्या घरात राहू दे. दोन पावलं पुढे जाऊन ओवीने पुन्हा हाक मारली. या वेळी डोंगराने काही परत केलं नाही. धुकं दाट झालं असेल, असं मी सुमनला सांगितलं. हिराबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

जेवून ते तिघं मुंबईकडे गेले. गाडीच्या काचेतून ओवी हात हलवत होती, ओठही हलत होते. आम्ही एसटीने, संगमनेरला गाडी बदलून, घरी आलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या वेळेला आतल्या खोलीतून हाक आली, "आजोबा!" सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली, "थांब गं, येतायत ते." मग तिच्या हातातली गाळणी तशीच राहिली. खोलीत कोणी नव्हतं. त्यानंतर रोज चहाच्या वेळेला एकच हाक यायची. आधी आम्ही घाबरलो. मग, खोटं कशाला बोलू, वाट बघू लागलो. सुमन म्हणायची, "दुधाची तहान ताकावर." आणि कप भरून आतल्या दाराशी बसायची.

दोन आठवड्यांनी मंदारचा फोन आला. "बाबा, ओवी बोलतच नाहीये. इथे आल्यापासून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात घसा ठीक आहे."

मी फोन ठेवला तशी शेजारी ऐकत बसलेल्या सुमनने विचारलं, "तिथे काय मागितलंत?" मी सांगितलं. "उद्या पहिल्या एसटीने जा," ती एवढंच म्हणाली.

वळणावरच्या ढिगातला त्या दिवसाचा सगळा पाला कुजून काळा पडला होता. माझी जांभळाची फांदी तेवढी हिरवीगार होती, आत्ता तोडल्यासारखी. ती उचलायला मी वाकलो आणि थांबलो. भीती होतीच, पण त्याहून जास्त त्या हाकेचा लोभ होता.

"देव रागवायचा न्हाई," सोबत आलेल्या हिराबाई म्हणाल्या. "पन पुन्यांदा देनार बी न्हाई."

फांदी पाण्यात सोडली आणि परत निघालो. घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. "आज हाक आली नाही," सुमन दारातच म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर ओवी होती, केस विस्कटलेले, नुकती उठलेली.

"आजोबा, तुम्ही ओ का नाही दिली? मी रोज किती हाका मारल्या."

तुम्ही भंडारदऱ्याला गेलात तर त्या वळणावर फांदी जरूर टाका. सुमन अजून चहा आतल्या दाराशी बसूनच पिते. मी समोर बसतो. घर आता अगदी शांत असतं.