डाव्या बाजूचा पांढरा पट्टा

मिलिमीटर गेला त्याला आठ महिने झाले, तरी त्याची बायको दुकान उघडत होती. चित्रांना चौकटी करून देण्याचं ते दुकान. एका रेघेसाठी गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला मिलिमीटरच म्हणे. "घाससुद्धा मोजून खातोस का रे?" असं कुणी विचारलं, की तो म्हणे, "खातो. तुझ्याइतके भरत नाहीत."

ती सकाळी देवाला हात जोडी, कुलूप काढी, काचा पुसायला घेई. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. कशाचं काही वाटतच नव्हतं. नणंद म्हणाली, "वहिनी, एकदा मोकळं रडून घ्या." ती म्हणाली, "येईल तेव्हा रडेन. ही काच तेवढी होऊ दे."

एक काम मात्र ती पुढे ढकलत आली होती. निवृत्त नर्सबाईंचं जपानी चित्र. मूळ चित्र लाकडी ठशांनी उमटवलेलं, जुनं; ही त्याची भिंतीवर लावायला छापलेली नक्कल, नळकांड्यात गुंडाळून आलेली. तळं, पूल, बर्फाने वाकलेली झाडं, लांब डोंगर. नवऱ्याच्या हातचं हे शेवटचं काम. चित्राभोवती बसवायच्या पुठ्ठ्याला खिडकी कापण्यापर्यंत तो आला होता, आणि तेवढ्यात अंथरुणाला खिळला.

आणि ती खिडकी चुकली होती. तीन बाजूंनी चित्राची कड नेहमीसारखी पुठ्ठ्याखाली जात होती, डावीकडे मात्र खिडकी चित्राच्याही बाहेर गेलेली. तिथे कोऱ्या कागदाचा पांढरा पट्टा उघडा पडत होता. शेवटी शेवटी त्याच्या हातून पेन्सिल गळायची, ते तिने पाहिलं होतं. मिलिमीटर चुकला हे गल्लीला कळू नये, म्हणून तिने तो पुठ्ठा कपाटामागे सरकवला. कुणाला, अगदी नणंदेलाही, सांगितलं नाही.

नर्सबाईंचा निरोप आला तशी तिने नवा पुठ्ठा घेतला, चारी बाजू नेमाने कापल्या, काच बसवली.

नर्सबाई आल्या. चष्मा पुसून चित्राकडे बघत राहिल्या.

"अगं, माझा माणूस कुठे गेला?"

"कुठला माणूस?"

"छत्रीवाला. पुलावरून उतरून घरी निघालेला. इथे डाव्या कडेला, नखाएवढा. त्याच्यासाठीच तर चित्र मागवलं मी."

तिने चौकट पालथी केली, खिळे काढले, पुठ्ठा उचलला. अगदी कडेला, पुठ्ठ्याने झाकलेल्या जागेत, छत्री धरून वाकलेला माणूस होता.

"मी तुझ्या नवऱ्याला बजावलं होतं, याला झाकू नकोस," नर्सबाई म्हणाल्या. "तर तोच म्हणाला, बाई, नुसतं उघडं ठेवून भागायचं नाही. याच्या पुढ्यात थोडा कागद मोकळा सोडतो. चालायला जागा नको का त्याला?"

"असं म्हणाले?"

"हो. मी म्हटलं, तू आणि जास्तीची जागा सोडणार? मिलिमीटरभर ना? तर हसला."

ती कपाटापाशी गेली, मागून जुना पुठ्ठा काढला, पदराने धूळ पुसली आणि चित्रावर ठेवला. माणूस दिसला. त्याच्या पुढे पांढरा पट्टा, कुणी पाऊल न टाकलेल्या बर्फासारखा. तिने पुठ्ठा उलटला; पाठीवर पेन्सिलीचा बाण होता, त्याच पट्ट्याकडे वळलेला. असल्या खुणा शेवटी रबराने पुसायच्या, ही त्याचीच शिस्त. तिने रबर हातात घेतलं आणि परत डब्यात टाकलं. तोच पुठ्ठा बसवून चौकटीला पुन्हा खिळे ठोकले.

"बरोबरच होतं त्यांचं," ती म्हणाली.

"चुकायचा का तो?" म्हणत नर्सबाईंनी चित्र काखेत मारलं आणि त्या निघाल्या.

रडू तेव्हाही आलं नाही. तिने स्वतः कापलेला पुठ्ठा उचलला आणि कपाटामागे, जिथे त्याचा होता तिथे, सरकवून दिला. मग पुढचं काम ओढलं, चित्राच्या चारी कडा बोट फिरवत नीट पाहिल्या, आणि मोजपट्टी त्यानंतरच लावली.