अमेरिकन सेट मी का बदलला

हौशी बिनतारीवाल्यांत दोन जाती. एक अमेरिकन सेट वापरणारी, दुसरी विलायती. नवा माणूस हवेवर आला की त्याचं नाव-गाव राहू दे, आधी विचारणार, "सेट कुठल्या कंपनीचा?" दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं भंगारात काढलेल्या सामानात दोन्ही मिळायचे. ज्याच्या हाती पहिल्यांदा जो लागला, तो त्याचा कुळस्वामी झाला. बाकीची कारणं सगळी मागाहून शोधलेली. हे मी आज म्हणतो. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी हातघाईवर आलो असतो.

मी स्वतः लढाईत सिग्नलमध्ये होतो. परत येऊन पौडच्या पुढे आमच्या गावी शाळामास्तर झालो. मुळशीच्या धरणाचं पाणी कोकणात उतरायचं, तिथं त्याची वीज व्हायची, ती मुंबईला जायची आणि आमच्या घरात कंदील. त्यामुळे माझा सेट मोटारीच्या बॅटरीवर चालायचा. ती भरायला पौडच्या भातगिरणीच्या इंजिनावर न्यायची, एसटीतून. कंडक्टर दर वेळी नवी शिवी शोधून ठेवायचा.

धाकट्या भावाला मोर्स मीच शिकवली. त्या जोरावर त्याला आफ्रिकेत, नैरोबीला, रेल्वेच्या बिनतारी खात्यात नोकरी लागली. तिथं त्यानंही माझ्यासारखा हौशी बिनतारीचा परवाना काढला आणि दर रविवारी दुपारी चारला आम्ही हवेवर भेटायला लागलो. परवान्याच्या अटी कडक. बोलायचं ते सेटबद्दल, एरियलबद्दल, हवामानाबद्दल. घरचं बोललात तरी इतकं किरकोळ, की त्यासाठी कुणी तार केली नसती. आणि परवानेवाल्याखेरीज दुसऱ्या कुणी माईकपुढे तोंड उघडायचं नाही.

आई शेजारी पोत्यावर बसायची, तोंडाला पदर लावून. आम्ही व्हॉल्व्हवर वाद घालायचो, त्यातलं तिला ओ की ठो कळायचं नाही. ती त्याच्या हसण्याची वाट बघायची. धाकटा पोटातून हसायचा, अगदी आमच्या वडिलांसारखा, आणि माझ्या अमेरिकन सेटच्या भल्यामोठ्या स्पीकरमधून ते हसू निघालं की घरातली भांडी वाजायची. "आला गं बाई माझा," म्हणून ती उठायची आणि चुलीकडे जायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं. पत्रं मीच वाचून दाखवायचो. पोरगा जिवंत आहे, धडधाकट आहे, याची तिच्यापाशी खूण एवढीच.

माझ्या अमेरिकनमध्ये एक खोड होती. तापला की त्याचं स्टेशन सरकायचं. दर पाच मिनिटांनी बटणाला हात लावावा लागायचा. पुण्यात एक पेन्शनर गृहस्थ होते, विलायती पंथाचे शंकराचार्यच म्हणा. सगळे ऐकत असताना ते मुद्दाम विचारायचे, "काय मास्तर, तुमचा अमेरिकन आज कुठल्या गावाला गेलाय?" की लागले सगळे खिदळायला. माझा स्वभाव हा असा, नाकावर माशी बसू न देणारा. वर्षभर सोसलं आणि एका सुट्टीत अमेरिकन सेट स्पीकरसकट त्यांच्या घरी नेऊन टाकला. त्यांच्याकडे विलायती दोन होते, त्यातला एक बदल्यात आणला. बिडाचा, जड, चाकासारखा डायल. एसटीवरून घरी न्यायला दोन गडी लागले. आईला मी विचारलंही नाही. तिला काय विचारायचं त्यातलं?

पहिल्या रविवारी धाकटा असा सापडला की काय सांगू! खिळा ठोकल्यासारखा एका जागी. त्या सेटला गाळणी होती, शेजारची सगळी कलकल ती कापून टाकायची. मी खूश. धाकटा म्हणाला, "दादा, पस्तावशील. अमेरिकन तो अमेरिकन." आणि हसला. मी आईकडे बघितलं. ती जागची हलली नव्हती.

"कोन ह्यो?"

"कोण म्हणजे? तुझा ल्योक."

"न्हाई. ह्यो त्यो न्हाई."

गाळणीनं कलकल कापली तसा आवाजाचा पोटातला भागही कापला होता. वाटीएवढ्या स्पीकरमधून त्याचं हसू टक टक टक असं यायचं. मी दुसरा स्पीकर आणून जोडला. आवाज मोठा झाला, त्याचा नाही झाला. गाळणी काढली तर दहा स्टेशनं एकदम घरात घुसायची. तीन-चार रविवार झाले आणि आई माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "खरं सांग. कवा गेला त्यो?"

मी चक्रावलोच. तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की धाकटा तिकडेच वारला, मी ते तिच्यापासून लपवलं आणि दुसऱ्याच कुणाला तरी बोलायला बसवलं. पत्र दाखवलं तर म्हणे, "कागूद काय, तूबी लिवशील." फोटो मागवला तर म्हणे, जुना असंल. त्याची रजा अजून दोन वर्षं लांब. शेवटी मी अट मोडली आणि त्याला हवेवर सांगितलं, आईला हाक मार. त्यानं मारली. आई म्हणाली, "तू सांगितलंस तसं त्यो बोलला. मला बोलू दे. येकच गोष्ट इचारते."

"काय विचारणार?"

"ती तुला कशाला सांगू? तू त्याला शिकवशील."

"आई, परवाना जाईल माझा."

"जाऊ दे की."

नाही जाऊ दिला. एवढी माया मला त्या कागदाची!

सर्वपित्रीला मी वडिलांच्या नावाचं पान पत्र्यावर ठेवलं. मागून आई दुसरं पान घेऊन आली. त्यावर अळूवड्या, धाकट्याच्या आवडीच्या. मी ओरडलो, "अगं, जित्या माणसाचं पान ठेवतात का कधी?"

"जित्ता असंल तर मला बोलू दे," ती म्हणाली.

आणि तो मेला कावळा, एरवी तासन् तास ताटकळत ठेवणारा, झडप घालून आला. वडिलांचं पान सोडून त्यानं पहिली वडी उचलली. आईनं हात जोडले. मला तिथंच भुईनं पोटात घ्यावं असं झालं.

तरी दसऱ्यापर्यंत मी मान ताठ ठेवली. मग पुण्याला गेलो, म्हटलं पाया पडतो पण माझा अमेरिकन परत द्या. गृहस्थांनी मला परसात नेलं. सेटचा नुसता सांगाडा पडला होता. व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, ज्याला जे हवं ते त्यांनी देऊन टाकलं होतं. "त्यात ठेवण्यासारखं होतं तरी काय, मास्तर?" म्हणाले. वाईट बोलले नाहीत. त्यांच्या पंथाप्रमाणे खरंच बोलले.

परतीच्या एसटीत मी ठरवलं, खड्ड्यात गेला परवाना, येत्या रविवारी माईक आईच्या हातात द्यायचा. तिला तसं सांगितलं. रविवारी सकाळी ती न्हाऊन धुतलेलं लुगडं नेसून तीन वाजल्यापासून पोत्यावर बसली. आणि बॅटरी उतरलेली निघाली. पुण्याच्या धावपळीत भातगिरणीत न्यायची राहून गेली होती. "पुढच्या रविवारी, आई," मी म्हटलं.

त्या आठवड्यात चीनची लढाई लागली. हौशी लोकांचे परवाने बंद, सेट पोलिसांत जमा करा असा हुकूम आला. मी सेट बैलगाडीत घातला, वर गोणपाट टाकलं आणि पौडच्या चौकीकडे निघालो. आई दारात उभी होती. "शेवटी लपिवलासच," एवढंच म्हणाली. मी हुकूम, लढाई, सरकार असं काहीबाही सांगत राहिलो. तिनं कान दिला नाही.

त्यानंतर तिनं त्याचं नाव काढलं नाही. त्याची पत्रं यायची, मी मोठ्यानं वाचायचो, ती तांदूळ निवडत बसायची. तिला काय विचारायचं होतं ते मी पुष्कळदा खोदून विचारलं, तिनं सांगितलं नाही. पुढच्या वर्षी भातं कापणीला आली तेव्हा तापानं चार दिवसांत गेली. ताप चढला त्याच दिवशी धाकट्याला मी तार केली होती, पण आफ्रिकेहून येणार कसा आणि कधी. शेवटच्या दुपारी ती शुद्धीवर आली. मी रडत होतो. माझा हात धरून म्हणाली, "रडू नगंस. मला काय भ्या हाय? त्यो हाय की तितं."

तो नैरोबीत होता. बोटीचं तिकीट मिळतंय का म्हणून कचेरीच्या रांगेत उभा होता.