काकूच्या माहेरचं बंदर

आमच्या काकूचं माहेर खारेपाटण. "आजोबांच्या काळात आमच्या दारात गलबतं लागायची," हे तिचं पालुपद आणि "ओढा असंल, ओढा," हे काकांचं उत्तर. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात हे रोजचंच. पण ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला रोमन समुद्रदेवाचा पुतळा म्युझियममध्ये बघितल्यापासून मलाही चैन पडेना. समुद्र नसलेल्या गावात हा आला कुठल्या बंदरातनं? दिवाळीच्या सुट्टीत मारुती काढलीच. काकू बसताना म्हणाली, "ओढा निघाला तर परत माहेरचं नाव काढणार न्हाय." ती गमतीत बोलत नव्हती.

पेट्रोल कोल्हापुरातच भरून घ्या. वाटेत कळे गावात चहा, गगनबावड्यात धुकं, पुढं भुईबावड्याचा अरुंद घाट. बंदरावरचा माल असल्याच घाटांनी बैलांच्या पाठीवर वर यायचा म्हणे. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो.

खारेपाटणात जुन्या धक्क्याच्या पायऱ्या सापडल्या, पण खाली नुसता चिखल आणि मधोमध बारीक धार. काका पंचगंगेत पोहायला शिकलेले. आम्हाला नदी म्हणजे पावसानं भरणारी, एवढंच ठाऊक.

"पाऊस आत्ताच सरलाय आनि एवढंच पानी? चला माघारी."

काकू गाडीकडं वळली. मला फार वाईट वाटलं.

शेजारच्या दुकानातली बाई आमचं ऐकत होती. म्हणाली, "नदीत गाळ भरलो. मोठी गलबतां खाली विजयदुर्गाकडेच थांबाक लागली, मगे हयचो बाजार उठलो. पण भरतीचा पाणी अजून येता. जेवून येवा."

जेवलो. बांगडा आणि सोलकढी अजिबात चुकवू नका, खिशालाही जड नाही.

परत आलो तर पाणी समुद्राकडून वर चढत होतं. वाळकी पानं उलटी वाहत होती. काका पायरीवर उकिडवे बसले.

"आयला, नदी माघारी चाललीया की."

एक पायरी बुडाली, मग दुसरी. काकू पाण्यात पाय सोडून बसली आणि रडता रडता हसायला लागली. मी कॅमेऱ्यातला अख्खा रोल तिथंच संपवला.

घरी आल्यावर काकांबरोबर पंचगंगेवर पोहायला गेलो होतो. काका मोठ्यानं सांगत होते, "आमच्या हिच्या दारात गलबतं लागायची."

"ओढा असंल," कुणीतरी म्हणालं.

काका अंग पुसायचे थांबले. "चल, आत्ता गाडी काढतो. पर भरती बघितल्याबिगर माघारी यायचं न्हाय."