शकुनच्या गाडीची चौकट

उकर्डाजी सुतार मायासंगं कधी सरळ बोलला नाही, अन् मीही त्याले कधी सोडलं नाही. पन माया भाजीच्या बागेत, विहिरीजवळच्या लिंबाखाली त्याचं कामाचं छप्पर होतं, म्हनून त्याचं सारं मले दिसे. बायको मरून गेलेली. एकच लेक, शकुन, ते अकोल्याले देल्लेली. मानसानं बोलावं तरी कोनासंगं? हा रंध्यासंगं बोले.

साता समुद्रापार कुठं गोऱ्याइची लढाई लागली, अन् आमच्या वऱ्हाडातल्या कापसाले सोन्याचा भाव आला. अमरावतीच्या बजारात गाड्या मावेनात. रस्ता तुंबला का गाडीवान माया वांग्यातून गाड्या काढत. मी शिव्या देऊन देऊन थकली. एक दिवस एक जोडी उधळली अन् उकर्डाजीच्या छपराची समोरची बाजू सपाट करून गेली. खांब, कुड, दार, काहीच राह्यलं नाही.

"मेळघाटातून सागवान आना नं," मी म्हनलं.

"सागवान रेलच्या कामाले चाललं. सुताराले कोन विचारते?"

मग तो मोडक्या गाड्या गोळा करून राहिला. मोडली का गाडीवान रस्त्यातच सोडून देत, थांबून नीट कराले सवड कोनाले होती? निम्म्या गाड्या त्याच्याच हातच्या. त्यानं साट्याच्या, म्हनजे गाडीच्या बैठकीच्या, फळ्या कुडाच्या जागी ठोकल्या. दांड्यांचे खांब केले, तेही बुडखा खाली अन् शेंडा वर पाहून. उलटं लाकूड त्यानं जन्मात उभं केलं नाही. चाकाचे आरे खिडकीले बसवले. भिंत लय गोजिरी दिसे, पन म्या त्याले सांगितलं नाही. चढला असता.

राह्यली दाराची चौकट. आमच्याकडं चौकट उभी कराची तं घरच्या सवाष्नीनं तिच्यावर कुंकवाची पाच बोटं ओढाव लागतात, अन् जिचं कुंकू तिनंच पयले उंबरा ओलांडावा. त्याच्या घरची सवाष्न म्हनजे एक शकुन. मी पडली रांडमुंड, माया हाताचं कुंकू कोन घेते? "आग लागो त्या रितीले," मी म्हनलं, "करा उभी."

"शकुन येईन," तो म्हने.

अब्दुल सत्तार गाडीवान अकोल्याहून अमरावतीले कापूस वाहे. त्याच्या हाती निरोप जाय. जबाब एकच येई, "चाचा, बेटी म्हनते, गाड्या मोकळ्या झाल्या का येतो. अभी सारे बैल कापसाले जुतले हायेत." कापूस सरला का सरकी, सरकी सरली का पेरनी. ज्या मानसानं जन्मभर गाड्याच घडवल्या, त्याच्या लेकीले आनाले एक गाडी मोकळी होईना. तो संध्याकाळी रस्त्याकडं तोंड करून बसे, चूलही पेटवत नसे. मी भाकर नेऊन ठेवली तं सकाळी तशीच दिसे.

एक दिवस सत्तार चाकाचा आक मोडलेली गाडी ओढत आला. "लाकूड तुमच्या कामाचं हाय, चाचा," म्हने. उकर्डाजीनं फळीवर हात फिरवला अन् तिथंच खाली बसला. फळीवर राघू कोरलेला होता. शकुनच्या लगनात त्यानंच आंदन देल्लेली गाडी. सासरी निघताना पोरीनं तिच्यावर कुंकवाची पाच बोटं ओढली होती, अन् ते मिटू नाही म्हनून ह्यानं वरून जवसाचं तेल चोपडलं होतं. बोटं तशीच होती, जराशी काळी पडली होती.

"तिच्या सासऱ्यानं बसाले नवी दमनी घेतली," सत्तार खाली पाहून बोलला. "हे मले ओझ्यासाठी विकली."

"ते काही म्हनली का?"

"म्हनली नाही. पदरानं फळी पुसून देल्ली."

नवा आक टाकला असता तं गाडी उभी राह्यली असती. मीच म्हनलं, "नीट करा अन् धाडा अकोल्याले. आपल्या गाडीत तरी येईन पोरगी."

"गाडी माई होईन, पार्बताबाई," तो म्हने. "बैल कोनाचे?"

 दुसऱ्या दिवशी त्यानं गाडीले करवत लावली. मले तो आवाज आयकवला नाही, मी विहिरीच्या पल्याड जाऊन बसली.

चौकट उभी राह्यली. वरती राघू, बाजूले पोरीची पाच बोटं. "लेकीचा हात लागला," तो म्हने. "रीत झाली." त्याच्या डोळ्यात पानी नव्हतं, माया डोळ्यात होतं.

मले वाटलं, आता हा ऐटीत दारातून आत जाईन. तो दारापुढून वळला, छपराच्या मांगं गेला, बांबूची तट्टी सरकवली अन् वाकून आत शिरला.

"अवो, मंग एवढं दार कोनासाठी बांधलं?" मी वरडली.

"जिचं कुंकू तिचा पाय पयले," आतून आवाज आला, अन् रंधा चालू झाला.

त्या गोठीले लय दिस झाले. लढाई सरली, कापसाचा भाव पडला, रेल आली, सत्तारचा गाडीचा धंदा बसला. उकर्डाजीची कंबर वाकली, मांगच्या तट्टीतून शिरताना आता त्याले भिंत धराव लागते. पन अजून तो मांगूनच जाते.