माळावरची मदतनीस

साताऱ्याच्या कॉलेजात मी सहा वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होते. दर वर्षी तेच बेडूक, तीच चिरफाड, साडीला तोच फॉर्मॅलिनचा वास. तिशी उलटली होती. लग्न जमत नव्हतं, त्याचं मला फारसं दुःख नव्हतं, पण जिवाला स्वस्थताही नव्हती. संध्याकाळी पोवई नाक्यापर्यंत उगाच चालत जायची आणि तशीच परत यायची. आपल्या हातून काहीतरी व्हावं आणि ते आपल्या नावानं व्हावं, असं सारखं वाटायचं.

अशातच एका श्रावणात विद्यार्थ्यांना घेऊन आटपाडीच्या बाजूला सहलीला गेले. गावाबाहेरच्या माळावर आम्ही पांगतोय तोच एक बाई काठी उंचावून आमच्याकडं आली. पन्नाशीची, कपाळ मोकळं, खांद्यावर घोंगडी.

"तिकडं जाऊ नगासा. पोरास्नी मागं घ्या."

"का हो मावशी?"

"अंडं हाय तितं. एकच घालतंय ते. मोडलं तर साल गेलं."

तिनं आम्हाला बोराटीच्या झुडपामागं बसवलं आणि दूरवर बोट केलं. गवतात माळढोक उभा होता. पुस्तकात मी तो कितीदा तरी शिकवला होता, पाहिला कधीच नव्हता. कमरेएवढा उंच, मान ताठ, एकेक पाऊल विचार करून टाकल्यासारखं.

ती बाई धनगराची. तिच्या सासऱ्यानं हा तुकडा राखला, मग नवऱ्यानं, तो गेल्यावर तिनं. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने पाच घरांची मेंढरं तिच्या शब्दाखातर लांबच्या वाटेनं चरायला जात. का राखता, असं मी विचारलं तेव्हा तिला प्रश्नच नीट कळला नाही. मग म्हणाली, "आमी मेंढरं घिऊन भायेर जातो, पोट भरतो. अंडं टाकून त्यानं कुटं जायाचं?"

परत आल्यावर मी मुंबईच्या माझ्या जुन्या प्राध्यापकांना सगळं लिहिलं. त्यांना परदेशातली एक पक्षिप्रेमींची संस्था माहीत होती. गरीब देशांत जनावरं-पाखरं राखणाऱ्या तिथल्याच माणसांना ती पैसा द्यायची. महिन्याभरात त्यांचा कोरा अर्ज आला. कामाच्या प्रमुखाचं नाव, शिक्षण, संस्था, छापून आलेले लेख. मी मावशींचं नाव घातलं, बाकीचे रकाने मोकळे सोडले आणि सोबत चार पानी पत्र लिहिलं.

उत्तर गोड होतं. काम फार आवडलं. मात्र जबाबदार व्यक्ती एखाद्या संस्थेतली असावी, तिनं इंग्रजीत अहवाल पाठवावेत. ती व्यक्ती आपणच का नाही?

मी नाही म्हणू शकले असते. तसं म्हणायला हवं हे त्याच क्षणी कळलंही होतं. पण मी नवा अर्ज भरला, वर माझं नाव घातलं आणि खाली मावशींचं, पुढं 'मदतनीस'. पैसे मंजूर झाले. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून चहा दिला. वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी पत्र वाचून दाखवलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे पहारा ती देणार आणि फीत तुझ्या छातीवर." एवढं बोलून ते उठून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस माझी झोप धड नव्हती, तरी अर्ज मात्र मी तसाच राहू दिला.

पुढच्या पावसाळ्यात विट्यावरून एसटीनं आटपाडी गाठली आणि माळावर गेले. मावशींनी दगडावर घोंगडी अंथरली, चहा केला. मी मंजुरीचा कागद काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "माजं काय लिवलंय ह्यात?"

खोटं सांगता आलं नाही. "मदतनीस."

"कुनाची?"

"माझी."

त्यांना राग आला नाही. कागदाची घडी घालून माझ्या हातात देत म्हणाल्या, "बरं. मग उद्या तुमी राखा. मी मदतीला येतो."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत मी बोराटीपाशी जाऊन बसले. ऊन चढलं, मान आखडली. ओळखीचे तीन कळप आपसूक लांबून गेले. दुपारी मात्र खालच्या अंगानं परगावचा एक कळप वर आला. मी पळत पुढं गेले.

"इकडून नका नेऊ. इथं पक्ष्याचं अंडं आहे."

मेंढक्या तरणा होता. "रान कुनाचं हे? तुमचं?"

"नाही."

"सरकारचं?"

ते मला माहीत नव्हतं. मी संस्थेचं सांगितलं, परदेशातून पत्र आल्याचं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "दावा की पत्र." पत्र गावात पिशवीत राहिलं होतं. आम्ही बोलत होतो आणि मेंढरं माझ्या दोन्ही बाजूंनी पुढं सरकत होती. मी हात पसरून उभी राहिले, तरी ती वळसा घालून जायची.

मावशी कधी आल्या कळलं नाही. पाखराचं त्यांनी नावही काढलं नाही. "कुन्या गावचा रं तू? कुनाचा?" त्यानं सांगितलं. त्याची आई मावशींच्या माहेरची निघाली. तिचा गुडघा कसा आहे, यंदा लोकर किती निघाली, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "पान्याला आमच्या हिरीवर ने. पर ह्या बांधानं जा, हितनं नगं." त्यानं शीळ घातली आणि कळप वळला.

"रान कुणाचं हे मलाच ठाऊक नव्हतं," मी म्हणाले.

"मला तरी कुटं ठावं हाय?" त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मी संस्थेला लिहिलं की प्रमुख ती बाई आहे, मी फक्त पत्रं लिहिणारी. हे मान्य नसेल तर पैसे थांबवावेत. पोस्टात पाकीट टाकलं आणि लगेच परत काढून घ्यावंसं वाटलं. तीन महिन्यांनी होकार आला. मावशींनी शाळेच्या मास्तरांसमोर अंगठा उठवला. पैशाचं काय करायचं हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. शेजारच्या गावातलं एक पडीक रान पावसाळ्यापुरतं चराईला घ्यायचं, म्हणजे पाच घरांच्या मेंढरांची लांबची पायपीट वाचेल. मलाही ते पटलं. मी अहवालात ते मोठ्या कौतुकानं लिहिलं.

दोन पावसाळे उत्तम गेले. मग संस्थेचं पत्र आलं: मदतीची मुदत संपली, आता दुसऱ्या एका देशातलं काम हाती घेतलं आहे, शुभेच्छा. मी ते पत्र पर्समध्ये घालून आटपाडीला गेले. वाटेत विट्याला गाडी बदलताना परत फिरावं असं दोनदा मनात आलं.

ऐकून मावशी एवढंच म्हणाल्या, "मग आता अंगठा द्याया जायाला नगं." पण ज्येष्ठात त्यांनी मला बोलावणं धाडलं. दोन घरांनी आपली मेंढरं सरळ पाखराच्या तुकड्यात घातली होती.

"असं कसं? आधी तर तुमच्या शब्दावर थांबत होते."

"आदी माज्यासाटी थांबत हुते. मग त्या रानासाटी थांबाय लागले. आता रान न्हाई."

त्यांच्या बोलण्यात कुणावर दोष नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. मी माझ्या पगारातून रानाचे पैसे द्यायला निघाले. त्या नको म्हणाल्या. "तुमची बदली झाली की मग?"

त्या घरोघरी गेल्या. दोन घरी मीही सोबत होते. उंबऱ्याशी बसायचं, चहा प्यायचा, लग्नाकार्याच्या गोष्टी चालायच्या, मध्येच कधीतरी त्या माळाचा विषय काढायच्या. मला कुणी काही विचारलं नाही. एक घर वळलं. दुसऱ्या घरचा कर्ता म्हणाला, "वैनी, यंदा न्हाई जमायचं," आणि त्यांनी वाद घातला नाही.

त्या वर्षी अंडं वाचलं. भाद्रपदात मावशींनी मला आईमागं चालणारं पिल्लू दाखवलं, मातीच्याच रंगाचं. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पाखरू आलंच नाही. तुकडा बराचसा मोकळा होता, चार घरांची मेंढरं लांबूनच जात होती, पण ते आलं नाही. कशामुळं, हे मला सांगता येत नाही. प्राणिशास्त्राची बाई असूनही नाही.

त्याच सुमारास माझी खरंच सांगलीच्या कॉलेजात बदली झाली. संस्थेला पाठवायचा शेवटचा अहवाल अजून राहिला होता. त्यात 'यश' असा एक रकाना होता. त्यापुढं मी घरोघरच्या त्या फेऱ्या लिहिल्या, न वळलेलं घरही लिहिलं, आणि पैसे नसते आले तर ते घर कदाचित फुटलं नसतं, हेही. उत्तर आलं नाही.

मावशींना मी हे सगळं कार्डावर कळवलं. मास्तरांच्या अक्षरात उलट टपाली कार्ड आलं. मेंढरं बरी हायत, पाऊस बेताचा हाय, आणि तुमच्या सांगलीकडं नदीकाठच्या रानात असलं पाखरू कुठं दिसलं तर कळवा, असं त्यात होतं. नदीकाठी सगळा ऊस होता, तिथं ते दिसणार नव्हतं. तरी पुढं कितीतरी दिवस रविवारी सायकल काढून मी बघायला जात होते.