बाबांनी घडवलेली मूठ

संघाच्या निवड चाचणीला आठ दिवस उरले होते आणि माझ्या गोळ्या सारख्या डावीकडे जात होत्या. बँकेतली नोकरी सांभाळून मी दादरच्या एका क्लबात नेमबाजी करायचे. रिव्हॉल्व्हर क्लबचं, मोठ्या पंजाच्या माणसासाठी बेतलेलं. माझं बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम पोचायचं.

"हात बदलता येत नाही. मूठ बदला," प्रशिक्षक म्हणाले. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची त्यांनी दोनदा खात्री केली, स्क्रू काढला आणि मुठीच्या दोन लाकडी फळ्या माझ्या हातात दिल्या. हत्यार बाहेर न्यायला बंदी, फळ्यांना नाही. दुकानातल्या तयार मुठी मात्र आणखी जाड निघाल्या.

लाकडातलं कळणारा माझ्या ओळखीचा माणूस एकच, माझे बाबा. गिरणी बंद पडेपर्यंत ते तिथे सुतार होते. लालबागच्या घरी मी फळ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी हातही लावला नाही.

"ह्या काम माझ्याकडसून होवचा नाय."

कारण मला ठाऊक होतं. गँगवॉरच्या दिवसांत त्यांचा गिरणीतला मित्र नाक्यावर, त्यांच्या शेजारी चहा पीत असताना गोळी लागून गेला. गोळी दुसऱ्याच कुणासाठी होती. माझी नेमबाजी त्यांना माहीत होती, पण घरात आम्ही तो विषय काढत नसू.

तीन दिवस फळ्या टेबलावर तशाच पडून. मला झोप लागेना, आणि ते बाबांना दिसत होतं. चौथ्या दिवशी बँकेतून आले, तर बाबा कणकेचा गोळा घेऊन बसलेले. एका पट्टीभोवती त्यांनी तो थापला.

"धर. थंय धरतंस तशी."

मी धरलं.

"एवढाच? घट्ट नाय धरूचा?"

"जास्त आवळलं की नेम हलतो, बाबा."

त्यांनी माझी बोटं एकेक करून अलगद सोडवली. मग कणकेवर उठलेल्या खुणा पाहून त्यांनी शिसवाचा तुकडा कोरायला घेतला. पहिली जोडी रिव्हॉल्व्हरवर चढली, पण दर बारासरशी अंगठ्याच्या बेचक्यात घासायची. घरी त्यांनी तिथला लाल वळ पाहिला, फळ्या मागून घेतल्या आणि तेवढी जागा कानशीने उतरवली.

चाचणीला ते स्वतःहून सोबत आले. आत मात्र येईनात. पहिला बार काढताना माझं अर्धं लक्ष दाराकडे होतं, आणि तो वाया गेला. मग मी ठरवून फक्त समोर बघितलं. बोट ट्रिगरवर बरोबर बसत होतं. गोळ्या मध्याजवळ पडू लागल्या.

संपल्यावर मी बाहेर धावले. बाबा जिन्यात भिंतीला टेकून बसले होते, सदरा घामाने भिजलेला. राखीव खेळाडू म्हणून माझं नाव लागलं होतं, ते मी टॅक्सीत सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"बरा झाला. पण माका परत थंय नेव नको."

"नाही नेणार," मी म्हटलं.